दोन परीक्षांचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९० टक्के म्हणजे ९० टक्केच ना? मग तुलनेत अडचण कसली?

९० टक्के म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेतल्या एकूण गुणांपैकी नव्वद टक्के पदरात पडले, एवढंच. पेपर कोणी काढला, हमखास येणारे प्रश्न किती होते, तपासनिसाचा हात सैल होता की आखडता, वेळ पुरला की शेवटचे दोन प्रश्न राहिले, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. परीक्षा कोणतीही असो, मिळालेल्या गुणांत दोन गोष्टी एकजीव झालेल्या असतात: देणाऱ्याची तयारी आणि पेपरची काठिण्यपातळी. नुसत्या आकड्याकडे बघून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

तपासणीतल्या चढउतारांचा प्रश्न तर फार जुना आहे. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच परीक्षेच्या गुणांना संभाव्यतेचं गणित लावून दाखवलं होतं, की काठावरच्या उमेदवारांचं पास-नापास बऱ्याच अंशी नशिबावर असतं.

तुलना करायचीच असेल तर दोन परीक्षांमध्ये काहीतरी सामायिक असावं लागतं. एक तर माणसं, नाहीतर प्रश्न. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात, त्यामुळे हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी बरंच काम होईल.

मग टक्के सोडून पर्सेंटाइल घेतलं तर?

पर्सेंटाइलने पेपर अवघड होता की सोपा हा वाद मिटतो, पण त्या जागी दुसरा उभा राहतो: कोणाच्या तुलनेत? ९५ पर्सेंटाइल म्हणजे त्या गटातल्या ९५ टक्के लोकांच्या बरोबरीला किंवा पुढे. गट निवडक असेल तर ते फार मोठं यश. गटात कोणीही येऊन बसत असेल तर तितकं नाही.

गट केव्हाचा, हेही महत्त्वाचं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातले एक डॉक्टर, जॉन कॅनेल, यांनी राज्याराज्यांतून निकाल मागवले आणि त्यांना आढळलं की पन्नासच्या पन्नास राज्यं आपली मुलं राष्ट्रीय सरासरीच्या वर आहेत असं सांगत होती. गणिताने हे शक्य नाही. पण ‘राष्ट्रीय सरासरी’ काही वर्षांपूर्वीच्या मुलांवरून ठरवलेली होती, आणि दरम्यान शाळा त्याच छापील चाचण्यांची तयारी करून घेत होत्या. खोटं कोणी बोललं असेलच असं नाही. गट शिळा झाला होता.

एकच परीक्षा, पण सत्रं वेगवेगळी. एकाला सोपा पेपर, दुसऱ्याला अवघड. हे कसं सांधतात?

बातम्यांमध्ये याला सरसकट नॉर्मलायझेशन म्हणतात. अभ्यासक त्यातल्या काटेकोर प्रकाराला गुणांचं समानीकरण म्हणतात. त्याचे मार्ग तीन.

पहिला, तीच माणसं दोन्ही पेपर देतात. सगळ्यात स्वच्छ मार्ग, पण दुसऱ्या पेपरापर्यंत माणूस थकतो किंवा पहिल्यातून शिकतो. म्हणून निम्म्यांना आधी अ आणि निम्म्यांना आधी ब द्यावा लागतो. प्रत्यक्ष परीक्षेत हे कोण करणार?

दुसरा, पेपर यादृच्छिकपणे, म्हणजे कोणाला कोणता हे न बघता वाटायचे. शेजारी शेजारी बसलेल्यांना अ, ब, अ, ब असे. संख्या मोठी असेल तर दोन्ही गटांची सरासरी तयारी सारखीच धरता येते, आणि निकालात जो फरक दिसेल तो पेपरचा.

तिसरा, दोन्ही पेपरांत काही प्रश्न तेच ठेवायचे. त्याबद्दल पुढे.

हिशेब कसा होतो ते पाहू. पेपर अ ची सरासरी ६० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १०. पेपर ब ची सरासरी ५४ आणि प्रमाण विचलन १२. ब मध्ये कोणाला ७२ मिळाले. सरासरीतला ६ चा फरक मिळवला तर अ वरचे ७८ होतात. बरेच जण इथेच थांबतात आणि चुकतात. ब मध्ये गुण जास्त पसरलेले आहेत. ७२ हा आकडा तिथल्या सरासरीच्या १८ ने, म्हणजे दीड प्रमाण विचलनाने वर आहे. अ वर तेवढंच वर म्हणजे ६० अधिक १५, अर्थात ७५. काठावरच्या उमेदवाराला हे तीन गुण किती महाग पडतात ते सांगायला नको. गुणांच्या वितरणाचा आकारही दोन पेपरांत वेगळा असेल तर ही सरळ रेषेची पद्धतही पुरत नाही. मग दोन्हीकडे सारख्या पर्सेंटाइलवर असलेले गुण एकमेकांना जोडतात.

जेईई मेनमध्ये २०१९ पासून प्रत्येक सत्राचं पर्सेंटाइल वेगळं काढून ते एकत्र केलं जातं. त्यामागे गृहीतक असं, की सगळ्या सत्रांत बसलेल्यांची पातळी साधारण सारखी आहे. सत्रं यादृच्छिक वाटली आणि संख्या प्रचंड असली तर ते बऱ्यापैकी टिकतं. पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत देतात ते बरोबरीत येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून. मोजमाप तेवढं बारीक आहे असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये, पण घेतात.

सामायिक प्रश्न किती आणि कोणते ठेवायचे?

साधारण पाचवा हिस्सा, हा रूढ अंदाज. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते प्रश्न अख्ख्या पेपरची छोटी प्रतिकृती असले पाहिजेत. भूमितीचे सगळे प्रश्न सामायिक आणि बीजगणिताचा एकही नाही, असं चालत नाही.

आणि ते जिथे होते तिथेच राहिले पाहिजेत. हा धडा महागात शिकला गेला. अमेरिकेत शालेय प्रगती मोजणारी नेप नावाची राष्ट्रीय पाहणी होते. १९८६ मध्ये तिच्या वाचनाच्या निकालात ९ आणि १७ वर्षांच्या मुलांचे गुण दोन वर्षांत इतके घसरलेले दिसले की पाहणी करणाऱ्यांचाच त्यावर विश्वास बसेना. प्रश्न बरेचसे जुनेच होते. बदललं होतं ते त्यांच्याभोवतीचं सगळं: कोणत्या विषयाच्या शेजारी ते आले, कोणत्या क्रमाने आले, किती वेळ मिळाला. नंतर जुनी आणि नवी रचना समान गटांना देऊन पाहिली, तेव्हा घसरणीचा मोठा भाग रचनेतल्या बदलांचाच निघाला. त्या शोधाचे एक प्रमुख अभ्यासक अल्बर्ट बीटन यांनी काढलेला निष्कर्ष या क्षेत्रात आजही सांगितला जातो: बदल मोजायचा असेल तर मोजमाप बदलू नका.

सामायिक प्रश्न फुटले तर? मग दुसऱ्या सत्रातली मुलं आहेत त्यापेक्षा हुशार दिसतात, त्यांचा पेपर आहे त्यापेक्षा अवघड ठरतो, आणि प्रश्न आधी न पाहिलेल्यांनाही त्याचा फायदा मिळतो. म्हणून प्रश्नपेढीची गुप्तता हा इथे संख्याशास्त्राचाच भाग आहे.

दोन पूर्णपणे वेगळ्या परीक्षांचंही असंच समानीकरण करता येतं का?

नाही. बहुतेक भांडणं या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

समानीकरण म्हणायचं तर अटी कडक आहेत. दोन्ही पेपरांनी तीच गोष्ट मोजली पाहिजे. दोन्ही सारखेच विश्वसनीय हवेत, म्हणजे पुन्हा घेतले तर दोन्हींचे गुण सारखेच स्थिर राहावेत. अ वरून ब काढा किंवा ब वरून अ, जोड्या त्याच यायला हव्यात. मुलगे-मुली, शहर-खेडं, कोणताही गट घेतला तरी तक्ता तोच निघाला पाहिजे. आणि आपल्याला कोणता पेपर मिळतो याची परीक्षार्थ्याला फिकीर असू नये. फ्रेडरिक लॉर्ड या संख्याशास्त्रज्ञाने ही शेवटची अट गणिताने तपासली आणि १९८० मध्ये मांडलं, की ती काटेकोर पाळायची तर समानीकरण एक तर अशक्य आहे किंवा अनावश्यक! पेपर तंतोतंत सारखे असतील तर गरज नाही, नसतील तर जमणार नाही. व्यवहारात ‘पुरेसं जवळ’ यावर भागतं, आणि एकाच आराखड्यावर काढलेल्या पेपरांत ते खरोखर भागतं.

वेगळ्या परीक्षांत मात्र जे होतं त्याला फार तर जुळणी म्हणावं. हजार माणसांची उंची आणि वजन घेऊन ‘इतक्या उंचीला इतकं वजन’ असा तक्ता करता येतो. सारख्या पर्सेंटाइलच्या जोड्या लावल्या की झालं. पण म्हणून उंची म्हणजे वजन होत नाही, आणि पहिलवानांवरून केलेला तक्ता धावपटूंना लागू पडत नाही.

सॅट आणि ॲक्ट या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांचे गुण जुळवणारा तक्ता तर अधिकृत आहे. तोही असाच का?

हो, आणि तो प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी तसं लपवलेलं नाही. सॅटचे एकूण गुण ४०० ते १६००, ॲक्टचे १ ते ३६. सध्याचा तक्ता २०१८ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून काढला. आधार होता २०१७ च्या तुकडीतले, दोन्ही परीक्षा दिलेले सुमारे ६ लाख विद्यार्थी. त्यात ॲक्टच्या ३१ समोर सॅटचे १४०० येतात. माणसं सामायिक आहेत, म्हणून तक्ता निघाला. पण ही कोणती माणसं? दोन्ही परीक्षांचा खर्च आणि खटाटोप करणारी. एकच परीक्षा देणाऱ्याला तो तक्ता लावणं हे अनुमान आहे. कामाचं, पण अनुमानच.

इंग्रजीच्या परीक्षांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. टोफल घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने २०१० मध्ये, दोन्ही परीक्षा दिलेल्या हजारभर विद्यार्थ्यांवरून आयेल्ट्स या दुसऱ्या परीक्षेशी जुळणी प्रसिद्ध केली. टोफल तेव्हा १२० पैकी असे. आयेल्ट्सच्या ६.५ बँडसमोर (तिचे गुण बँडमध्ये देतात) टोफलचे ७९ ते ९३ गुण येत होते. एका बँडमध्ये पंधरा गुण! तेव्हा ‘६.५ म्हणजे टोफलचे नक्की किती’ या प्रश्नाला एक आकडा नाहीच. ज्या विद्यापीठाने ७९ धरले त्याने दार उघडं ठेवलं, ज्याने ९३ धरले त्याने ते जवळजवळ लावून घेतलं, आणि दोघांनाही तक्त्याचा आधार आहे.

तक्ता नसेल तर एका परीक्षेवरून दुसरीच्या गुणांचा अंदाज काढता येईल ना?

अंदाज येईल, पण तो उलटा फिरवू नका. दोन परीक्षांचा सहसंबंध (एकीतले गुण दुसरीतल्यांशी किती जुळतात याचं माप, कमाल १) ०.८ आहे असं समजा. पहिलीत सरासरीच्या २ प्रमाण विचलनं वर असलेल्याचा दुसरीतला अपेक्षित गुण १.६ विचलनं वर येतो. त्या १.६ वरून परत पहिलीकडे गेलात तर १.२८. जाऊन-येऊन माणूस सरासरीकडे घसरला. अंदाज वर्तवण्यासाठी हे बरोबर आहे. दोन गुण एकमेकांच्या बदल्यात वापरायला चूक.

पिसा आणि टिम्स या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या, दोन्हींची सरासरी ५००. मग देशांचे आकडे सरळ ताडायला काय हरकत?

मोठी हरकत आहे. २००३ चे गणिताचे निकाल घ्या. आठवीच्या टिम्समध्ये रशिया ५०८, न्यूझीलंड ४९४. त्याच वर्षीच्या पिसामध्ये न्यूझीलंड ५२३, रशिया ४६८. देश तेच, वर्ष तेच, विषय तोच, आणि क्रम उलटा.

एक कारण गटाचं. पिसाचं ५०० ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांच्या सरासरीवर बसवलेलं आहे, तर टिम्सचं १९९५ मध्ये भाग घेतलेल्या देशांच्या. दुसरं कारण कोणाची परीक्षा हे. पिसा १५ वर्षांची मुलं निवडते, मग ती कोणत्याही इयत्तेत असोत. टिम्स इयत्ता निवडते. तिसरं आणि सगळ्यात खोलवरचं, काय विचारलं हे. टिम्स अभ्यासक्रमातलं गणित विचारते. पिसा व्यवहारातला प्रसंग, त्याचं वर्णन, तक्ता समोर ठेवते आणि त्यातून गणित शोधायला लावते. सूत्रं पक्की असलेल्यांना पहिली जवळची वाटते, मजकूर वाचून वाट काढणाऱ्यांना दुसरी. यातली कोणती खरी, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. ‘आपला देश गणितात कितवा’ असं बेधडक सांगणाऱ्या मथळ्यांवर मात्र मी विश्वास ठेवत नाही.

भाषांतराचा घोळ वेगळाच. पिसा इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन मूळ आवृत्त्यांवरून स्वतंत्र भाषांतरं करून ती जुळवायला सांगते. तरीही एखादा प्रश्न एका भाषेत अनपेक्षितपणे अवघड निघतोच. असे प्रश्न निकालातून हुडकण्याच्या रीती आहेत, आणि सापडलेला प्रश्न त्या देशापुरता सामायिक धरत नाहीत.

यंदाचे गुण मागच्या वर्षापेक्षा वाढले. म्हणजे मुलं सुधारली?

कदाचित. पण आधी दोन गोष्टी तपासा.

स्केलच बदललं नाही ना? सॅटच्या प्रत्येक विभागाचं २०० ते ८०० चं स्केल १९४१ मध्ये परीक्षा दिलेल्या, बहुतांशी सुस्थितीतल्या दहा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांवर बसवलं होतं, सरासरी ५००. पुढे परीक्षा देणारे लाखांवर गेले, समाजाच्या सगळ्या थरांतून येऊ लागले, आणि भाषेच्या विभागाची सरासरी सव्वाचारशेपर्यंत आली. १९९५ मध्ये स्केल पुन्हा बसवून सरासरी ५०० च्या जवळ आणली. एका रात्रीत आकडे वाढले, कोणी जास्त शिकलं नाही. त्या वर्षाच्या दोन्ही बाजूंचे गुण रूपांतर न करता शेजारी ठेवणारे लेख अजून दिसतात.

दुसरी गोष्ट, वाढ विषयातली की त्या चाचणीतली? डॅनियल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका मोठ्या शालेय विभागाचा अभ्यास मांडला. तिथे जुनी चाचणी बदलून तशीच दुसरी आणली तेव्हा तिसरीच्या मुलांचे गणिताचे गुण सुमारे अर्ध्या शैक्षणिक वर्षाएवढे पडले. चार वर्षांत ते पुन्हा पहिल्या उंचीवर आले. तेव्हा संशोधकांनी नमुन्यातल्या मुलांना बाद झालेली जुनी चाचणी दिली. तिच्यावरचे गुण आता खाली होते. शिक्षक-विद्यार्थी हळूहळू चाचणीच्या वळणाला सरावतात, आणि दुसऱ्या चाचणीशी तुलना केल्याशिवाय हे कळतच नाही. मला विचाराल तर दोन परीक्षा ताडून पाहण्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच.

सगळ्या परीक्षा एकाच स्केलवर आणून हा प्रश्न कायमचा का मिटवत नाहीत?

प्रयत्न झाला आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऐच्छिक राष्ट्रीय चाचण्यांचा प्रस्ताव मांडला, तेव्हा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला वाटलं, नवी परीक्षा कशाला, आहेत त्याच एका स्केलवर आणू. तसं करता येईल का हे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीला विचारलं. १९९९ चं उत्तर स्पष्ट होतं: व्यवहार्य नाही. परीक्षांतला मजकूर वेगळा, काठिण्य वेगळं, त्यांवर अवलंबून असलेले परिणाम वेगळे, आणि एखाद्या वर्षी तक्ता जमलाच तरी परीक्षा बदलल्या की तो बाद.

हा शेवटचा धोका त्यांना इतिहासातून माहीत होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वाचनाच्या प्रचलित चाचण्या जोडण्याचा मोठा सरकारी प्रकल्प झाला होता. काम चोख झालं, तक्ते १९७४ मध्ये आले, आणि चाचण्यांच्या नव्या आवृत्त्या निघताच त्यांचा उपयोग संपत गेला.

भौतिकशास्त्रातले ७० आणि इतिहासातले ७० सारखे मानावेत का?

ऑस्ट्रेलियात मानत नाहीत. तिथे विद्यापीठ प्रवेशाचा क्रमांक काढताना आधी विषयांचे गुण समायोजित करतात: एखादा विषय घेणाऱ्यांनी त्यांच्या बाकीच्या विषयांत काय केलं, त्यावरून त्या विषयाची स्पर्धा किती तगडी होती ते ठरवतात. पुन्हा सामायिक माणसं. पण यात गृहीत धरलेलं असतं की सगळ्या विषयांमागे एकच ‘शैक्षणिक क्षमता’ आहे. चित्रकला घेणाऱ्या मुलाला विचारा, पटतंय का. प्रवेशाची रांग लावायला पद्धत ठीक. ‘भौतिकशास्त्र श्रेष्ठ’ असा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही.

आयटम रिस्पॉन्स थिअरीने हे सगळं सुटलं, असं ऐकलं.

बरंच सुटलं, सगळं नाही. प्रत्येक प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांवरून क्षमता मोजण्याची ही पद्धत. डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रारूपात प्रश्नाचं काठिण्य आणि माणसाची क्षमता एकाच स्केलवर, पण वेगवेगळी मोजली जातात. त्यामुळे संगणकावर प्रत्येकाला वेगळे प्रश्न देऊनही गुण तुलनीय ठेवता येतात. मात्र दोन प्रश्नपेढ्यांत सामायिक प्रश्न किंवा सामायिक माणसं नसतील तर हे प्रारूपही त्यांना जोडू शकत नाही. आणि सगळे प्रश्न मुळात एकच क्षमता मोजत असले पाहिजेत, ही अट राहतेच.

तक्त्यातल्या आकड्यात चूक किती धरावी?

आधी परीक्षेच्या स्वतःच्या त्रुटीचा हिशेब करा. प्रमाण विचलन १०० आणि विश्वसनीयता ०.९ असेल (आणि ही चांगल्या परीक्षेची झाली) तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण खऱ्या पातळीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते, सुमारे ३२ येते. दोन उमेदवारांमधल्या फरकाची त्रुटी सुमारे ४५. म्हणजे ५२० आणि ५४० यांच्यात फरक आहे हेच छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यावर जुळणीच्या तक्त्याची त्रुटी चढवा. दोन वेगळ्या परीक्षांच्या गुणांवरून एकच गुणवत्ता यादी लावताना दशांशावर भांडणाऱ्या समित्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दोन्ही परीक्षा दिल्या आणि तक्त्याप्रमाणे एकीत चांगले, दुसरीत कमी आले. कोणते खरे धरू?

दोन्ही. तक्ता सरासरीच्या जोड्या लावतो, आणि तुम्ही सरासरी नाही. फरक वरच्या त्रुटीच्या आत असेल तर तो सोडून द्या. फार मोठा असेल तर वेळेचा ताण, प्रश्नांचा प्रकार, संगणक की कागद, यात कारण सापडतं का बघा. प्रवेश घेणारी संस्था दोन्ही स्वीकारत असेल तर चांगले आलेले पाठवा. ती सवलत संस्थेनेच ठेवलेली आहे.